मिठीची चौकशी

पोहेवाल्यानं रोजच्यापेक्षा चिमूटभर शेव जास्त घातली, तर इंदूरमध्ये कुणीही खूश होतं. आमच्या मॅडम थबकायच्या. प्लेट तशीच हातात धरून विचारायच्या, "आज ज्यादा क्यों डाली, भिया?"

तो बिचारा गोंधळायचा. "ऐसेई मैडमजी, हाथ से पड़ गई."

मग मॅडम चमच्यानं वरची शेव बाजूला सारून खालचे पोहे तपासायच्या. पोहे कालचे असले की शेव वाढते, असा त्यांचा सिद्धांत होता. पोहे बहुतेक वेळा ताजेच निघत. मी तसं म्हटलं की त्या म्हणत, "असतील ताजे. विचारायला काय जाते?"

सिमरोलच्या रस्त्यावर एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात आम्ही दोघी इंग्रजी शिकवत होतो. टाइमटेबलवर त्याला कम्युनिकेशन स्किल्स म्हणत. मी जालन्याहून नोकरीसाठी नुकतीच आलेली, आणि मॅडम कॉलेज सुरू झाल्यापासून तिथे. अन्नपूर्णा भागात आमची घरं जवळजवळच होती, त्यामुळे बसही एकच. बसमध्ये त्या नेहमी शेवटच्या सीटवर बसायच्या. पाठीमागे कुणी बसलेलं त्यांना चालत नसे.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्या शेवटच्या सीटवर बोलावून घेतलं आणि नाव-गाव विचारायच्या आधी आपलं आडनाव सांगितलं. गाव महू, आजोबा पलटणीत होते, आम्ही बौद्ध. हे सगळं एका दमात. मग म्हणाल्या, "तुम्ही महाराष्ट्रातून आल्या ना? विचारू की नको करत आठवडा घालवाल, आणि शेवटी दुसऱ्याला विचाराल. त्यापेक्षा मीच सांगून टाकते. आता कामाचं बोलू."

मी आपलं आडनाव सांगायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "तुमचं माहीत आहे. नोटीस बोर्डावर वाचलं."

पुढे त्या मला 'तू' म्हणायला लागल्या, पण त्यालाही बरेच महिने लागले.

भाडेकरू ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशन करतात ना, तसं मॅडम शब्दांचं करायच्या. हा कुठून आला, आधी कुणाकडे होता, तिथून का निघाला. कॉलेजच्या प्रत्येक भाषणात 'हमारी फॅमिली' असा उल्लेख यायचा, तेव्हा त्या माझ्याकडे झुकून कुजबुजायच्या, "लॅटिनमध्ये फॅमिलिया म्हणजे घरातले नोकर. मतलब, खरंच बोलून राहिले ते." मला हे सगळं संशयास्पद वाटायचं. इतकं सोयीचं मूळ प्रत्येक शब्दाला कसं असेल? मी घरी गेल्यावर मोठी डिक्शनरी उघडून बघायची. बहुतेकदा त्या बरोबर निघायच्या, आणि त्यामुळे माझा संशय कमी व्हायचा सोडून वाढायचा. कधीतरी ही बाई मला पकडीत घेऊन काहीतरी खोटं गळी उतरवणार, असं वाटायचं.

मग कॉलेजात नवे संचालक आले. मोठ्या कंपन्यांमध्ये नोकऱ्या करून आलेले, उंच, हसरे, आणि मिठ्या मारणारे. सकाळी पार्किंगमध्ये उभे राहून येईल त्याला छातीशी धरायचे. पुरुषांना विचारायची गरज नव्हती. बायकांसमोर ते नुसते हात पसरून उभे राहत आणि डोळ्यांनीच परवानगी मागत. नाही म्हणणं अवघड व्हावं अशीच ती मागायची रीत होती. मॅडम मात्र पर्स डाव्या हातात घेऊन उजवा हात ताठ पुढे करायच्या आणि "गुड मॉर्निंग, सर" म्हणायच्या. पसरलेल्या दोन हातांपैकी एक संचालकांना मिटावा लागे आणि दुसऱ्यानं हस्तांदोलन करावं लागे.

संचालकांनी कॉलेजात 'हग डे' जाहीर केला. गेटवर मोठा बॅनर लागला आणि छापणाऱ्यानं इंग्रजी शब्द देवनागरीत छापला. मराठी असो की माळवी, 'हग' म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला बाळपणापासून माहीत होतं. बसचा ड्रायव्हर बॅनरपाशी गाडी हळू करून म्हणाला, "मैडमजी, आज कॉलेज में ये भी सामूहिक होगा?" अख्खी बस हसून लोळली. मॅडम हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बघा, डिक्शनरीलाही या शब्दाचा बाप माहीत नाही. नॉर्स असावा, सांत्वन करणं असा अर्थ असावा, असं लिहिते. असावा! डिक्शनरी पण हात राखून आहे. आणि पुढे लिहिते, कुस्तीतली एक पकड. अस्वल माणसाला आवळते, त्यालाही हाच शब्द."

दुपारी सभागृहात संचालकांनी मंचावरून सगळ्यांना शेजारच्याला मिठी मारायला सांगितलं. मॅडमच्या शेजारी मी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

"तुला मारायची आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"मग बस खाली," त्या म्हणाल्या, आणि आम्ही बसलो. सगळ्या सभागृहात आम्ही दोघीच बसलेल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला 'तू' म्हणायला सुरुवात केली, असं मला आठवतं.

त्यांच्या घरी त्या आणि त्यांची आई. लग्न का केलं नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आजी सत्तरी ओलांडलेल्या, कानांनी तल्लख. मुलगी जितकी आखडती, तितक्या त्या मोकळ्या. गेल्या गेल्या माझा चेहरा दोन्ही हातांत धरायच्या. मॅडम म्हणायच्या, "आईचं काय, ती गॅसच्या सिलिंडरवाल्यालाही जवळ घेईल."

एका रविवारी आजी वाटाणे सोलत होत्या आणि मी मॅडमना सहज विचारलं, 'हग'चं एवढं वावडं आहे, तर 'एम्ब्रेस'चं काय?

मॅडमनी चष्मा काढून पुसला. हा शब्द त्यांनी फार दिवस नजरेखाली ठेवलेला दिसत होता.

"एम्ब्रेसचे कागद नीट आहेत," त्या म्हणाल्या. "आत 'ब्रास' आहे, जुन्या फ्रेंचमधला हात. ब्रेसलेट त्याच खानदानातलं. एम्ब्रेस म्हणजे हातांच्या आत घेणं. पण आत घेतलेल्याला बाहेर यायचं असेल तर काय, ते शब्द सांगत नाही. आणि आजकाल तर काय, कशालाही एम्ब्रेस करा. जास्त तास शिकवायला लावायचे असले की नोटीस येते, 'एम्ब्रेस द चेंज'."

मग त्यांनी महूची गोष्ट सांगितली. दरवर्षी एप्रिलमध्ये जयंतीला तिथे मोठे मोठे लोक येत. मॅडमचे वडील पोस्टातून रिटायर झालेले, समाजात वजन असलेले, म्हणून त्यांना मंचाजवळ उभं करत. पुढारी उतरायचे, वडिलांना मिठी मारायचे, फोटो व्हायचे. "बाबा घरी येऊन शर्ट काढून ठेवायचे. इस्त्री बिघडलेली असायची. म्हणायचे, आज इतक्या लोकांनी धरलं, पण चहाला थांबा म्हटलं तर एकालाही वेळ नव्हता. दरवर्षी हेच म्हणायचे. आणि दरवर्षी चहाचं पाणी ठेवून जायचे."

आजी वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या, "येकदा येक थांबला होता ना ग."

"तो फोटोवाला होता, आई. त्याची गाडी चुकली होती."

आजी हसल्या. मॅडमनी चष्मा लावला. "एकाच ठिकाणी हा शब्द मला पटते," त्या म्हणाल्या. "आईला तिच्या बाबांनी खांद्यावर बसवून नागपूरला नेलं होतं. दीक्षा घेतली. त्याला इंग्रजीत काय म्हणतात? एम्ब्रेस्ड बुद्धिझम. तिथे करणारे आम्ही आहोत. कोणी येऊन आम्हाला नाही केलं, आम्ही केलं. बाकी सगळीकडे हा शब्द आला की मी आधी कर्ता बघते."

त्यानंतरच्या चैत्रातली गोष्ट. सिमरोलकडच्या एका गावातली शेवटच्या वर्षाची एक मुलगी वायव्हात नापास झाली. वायव्हा म्हणजे तोंडी परीक्षा. ती घेणारे इलेक्ट्रॉनिक्स लॅबचे प्रमुख होते, जुने इंदूरकर मराठी, राहायला आमच्याच भागात. मुलीनं लेखी तक्रार दिली. सरांनी विषयावर काही विचारायच्या आधी तिचं आडनाव विचारलं, मग स्कॉलरशिप मिळते का ते विचारलं, आणि म्हणाले, "तुम लोगों का तो वैसे भी हो जाता है." तक्रार दाबता येण्यासारखी नव्हती, म्हणून कमिटी नेमली. संचालक, रजिस्ट्रार आणि मॅडम.

"मला का घेतलं?" मॅडम बसमध्ये म्हणाल्या. "कागदावर बरं दिसते."

कमिटी बसायची होती त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी पेपर तपासत बसले होते. बेल वाजली. दारात लॅबच्या सरांची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. इतकी वर्षं पलीकडच्या गल्लीत राहत होत्या, पण या घराची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. आजींना त्यांनी वाकून नमस्कार केला. "चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, या," असं मॅडमना म्हणाल्या. आमंत्रण देऊन झालं होतं, पण पाय हलेनात. मग अचानक पुढे झाल्या आणि मॅडमना मिठी मारली.

मॅडमचे हात दोन्ही बाजूंना सरळ. उजव्या हातात लाल पेन. वहिनींनी मानेवर डोकं टेकलं होतं, तरी मॅडम खांबासारख्या उभ्या. शेवटी वहिनी बाजूला झाल्या, कुणाकडेही न बघता निघाल्या. चपला सरकवताना भिंतीला धरावं लागलं त्यांना.

दार लावून मॅडम खुर्चीवर बसल्या. "बघितलंस? उद्या कमिटी आहे आणि आज यांना माझा पत्ता सापडला."

"अहो, आमंत्रण द्यायला आल्या होत्या," मी म्हणाले.

"इतकी वर्षं चैत्र आला नव्हता का?"

मग त्यांनी मला तो शब्द सांगितला, 'एम्ब्रेसरी'. इंग्रजांच्या जुन्या कायद्यातला गुन्हा. न्याय करायला बसलेल्या पंचांना आधीच गाठून, लाडीगोडी लावून, आपल्या बाजूला वळवून घेणं. "बघ, गुन्ह्याच्या नावातच मिठी आहे," त्या म्हणाल्या. "इंग्रजांनाही माहीत होतं."

आजी पलंगावरून म्हणाल्या, "ती पोरगी थरथरत व्हती."

"घाबरली असेल. पहिल्यांदाच करत असेल हे काम."

मॅडम बराच वेळ पेन उघडत आणि मिटत राहिल्या. कमिटीत सांगितलं तर म्हणतील, मैडम, आपण बाजूला व्हा. मग उरले दोघं, आणि मुलीचं काम संपलं. कदाचित त्यासाठीच वहिनींना पाठवलं असेल. नाही सांगितलं, तर उद्या कुणीतरी म्हणेल, आदल्या दिवशी यांच्या घरी गळाभेट झाली होती. दोन्हीकडून फास दिसत होता त्यांना. मला तर त्यात एक रडवेली बाई सोडून काही दिसलं नव्हतं, पण माझ्याकडे पुरावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कमिटीत काय झालं ते त्यांनी मला बसमध्ये सांगितलं आणि पुढे रजिस्ट्रारसाहेबांकडूनही तेच कळलं. मॅडमनी बसल्या बसल्या सांगितलं, काल संध्याकाळी संबंधित सरांच्या पत्नीनं माझ्या घरी येऊन मला मिठी मारली, याची नोंद व्हावी. शब्द 'एम्ब्रेसरी' असा लिहावा. स्पेलिंगही सांगितलं.

संचालक खळखळून हसले. "मैडम, ये तो प्यार है!"

"सर, प्यार को मीटिंग के एक दिन पहले ही आना था?"

रजिस्ट्रार म्हणाले, मग आपण या प्रकरणातून बाजूला व्हावं हे बरं. मॅडम याचीच वाट बघत होत्या. "होते ना बाजूला. पण संचालक सर पण होतील. सर रोज सकाळी पार्किंगमध्ये लॅबच्या सरांना गळे लावतात. पूर्ण कॉलेज बघते. एका मिठीनं मी बाहेर, तर मग सरांच्या मिठ्या मोजायच्या का?"

शेवटी ठरलं की या कॉलेजातल्या कुणीच निर्णय द्यायला नको, बाहेरून परीक्षक बोलवावेत आणि मुलीची वायव्हा पुन्हा घ्यावी. तशी ती झाली. मुलगी चांगली पास झाली. निकाल लागला त्या दिवशी मॅडमनी पोहे खाताना शेव जास्त का घातली हे विचारलं नाही, एवढं मला आठवतं.

पण कमिटीच्या इतिवृत्ताची प्रत नियमाप्रमाणे लॅबच्या सरांनाही गेली होती.

आठवड्याभरात माझी घरमालकीण जिन्यात मला म्हणाली, "त्या सरांची बायको भावाकडे निघून गेली, कळलं का तुला? त्यांना म्हणे ठाऊकच नव्हतं, ती तुमच्या मॅडमकडे गेली होती ते. कागदावर वाचलं. म्हणाले, जिथे जाऊन गळ्यात पडलीस तिथेच राहा."

मी तशीच मॅडमकडे गेले आणि सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला.

"त्यांना ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं म्हणे."

"मग हिला पाठवलं कोणी?"

आजी आतून बाहेर आल्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "तू इचारलंस का तिला, का आली होतीस म्हणून?"

मॅडमनी हातातली जुडी खाली ठेवली.

"सगळ्या जगाला इचारत फिरतीस," आजी म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्या दिवशी घरी येऊन मी डिक्शनरी काढली. मॅडमना खोटं पाडायचं म्हणून नव्हे. तो शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता, इतकंच. एम्ब्रेसरी सापडली. गुन्हा तोच, मॅडमनी सांगितलेला. पण मूळ वाचलं आणि मी पुन्हा वाचलं. या शब्दात हात नव्हताच. तो दुसऱ्याच एका फ्रेंच शब्दावरून आलेला, ज्याचा अर्थ पेटवणं, निखारा टाकणं. पंचांची डोकी भडकवणारा तो एम्ब्रेसर. मिठी मारणाऱ्या एम्ब्रेसशी त्याचं काही नातं नव्हतं. दोन घराण्यांतले दोन शब्द कालांतरानं एकसारखे दिसायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्या पानाचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. आधी म्हणाल्या, "ही डिक्शनरी कोणती?" मी सांगितलं. "दुसरीत बघितलंस?" दुसरीतही तेच होतं. राजेंद्रनगर गेलं, बस हायवेला लागली, तरी त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मतलब, दिसायला सारखे," त्या अखेर म्हणाल्या. "आणि मी चेहऱ्यावरून ओळखलं."

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज अर्ध्या दिवसाची रजा टाकते. तू येतेस?"

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे त्या दुपारचं नीट सांगता येईल. लॅबच्या सरांकडून परीक्षेचं सगळं काम काढून घेतलं गेलं आणि सत्र संपल्यावर ते दुसऱ्या कॉलेजात गेले. ती मुलगी आता पुण्यात नोकरी करते. संचालक वर्षभरात आणखी मोठ्या ठिकाणी गेले. निरोप समारंभात ते मंचावरून खाली उतरून सगळ्यांना भेटले, आणि मॅडमपाशी आल्यावर त्यांनी स्वतःहूनच हात पुढे केला. मॅडम गेल्या वर्षी रिटायर झाल्या. वहिनी परत सरांकडे गेल्या नाहीत. त्या एका शाळेच्या ऑफिसात काम करतात आणि मधूनमधून आजींच्या केसांना तेल लावायला येतात.

ती दुपार अशी होती. वहिनींच्या भावाचं घर बडा गणपतीजवळ, खाली पूजेच्या सामानाचं दुकान आणि वर राहायच्या खोल्या. दुकानात कापराचा आणि अष्टगंधाचा वास भरून राहिलेला. भावानं आम्हाला नीट न्याहाळलं, कुठून आल्या ते विचारलं. मॅडमनी कॉलेजचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं, आडनावासकट. त्याचा चेहरा बदलला. म्हणजे याच त्या, हे त्याला कळलं असावं. तरी त्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "कुमुद, तुझ्याकडे कोणी आलंय."

मी गोंधळले. गल्लीतल्या त्यांच्या दारावरच्या पाटीवर वहिनींचं नाव माधवी होतं.

वहिनी वरच्या खोलीत कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत.

"आता काय राहिलंय?" त्यांनी विचारलं. "ही भेट पण लिहून घेणार का?"

मॅडम दारातच उभ्या राहिल्या. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या दिवसांत मी त्यांना वाक्यात अडखळताना पाहिलं नव्हतं. "नाही. मला... तुम्हाला एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही का आल्या होत्या?"

वहिनींनी वात वळून ताटलीत ठेवली. दुसरी घेतली नाही.

"सांगायला आले होते," त्या म्हणाल्या. "वायव्हाच्या आदल्या दिवशी हे जेवताना म्हणाले होते, उद्या त्या पोरीला दाखवतो. नावानिशी म्हणाले होते. काय येतंय तिला, काही बघायच्या आधी. मला वाटलं, कमिटीत तुम्ही आहात, तुम्हाला सांगावं. घरातून निघताना सगळं पाठ करून निघाले होते. तुमच्या घरी आले आणि तोंडच उघडेना. नवऱ्याचं नाव कसं घेऊ? आजी समोर बसल्या होत्या. मग ते झालं. मला वाटलं, तुम्ही विचाराल, काय झालं म्हणून."

"मी नाही विचारलं," मॅडम म्हणाल्या.

"नाही विचारलं."

खालून दुकानातल्या घंटा कुणीतरी वाजवून बघत होतं. एक वाजवली, ठेवली, दुसरी वाजवली.

मॅडम आत आल्या आणि वहिनींच्या समोर जमिनीवर बसल्या. साडी सावरायलाही थांबल्या नाहीत. "मी जो शब्द लिहवला, तो चूक होता," त्या म्हणाल्या. "मी चुकीचं समजली. तो शब्द मी मागे घेईन. उद्याच संचालकांकडे जाते. ते म्हणतील, मैडम, आता कोण वाचतं? पण ज्यानं वाचायचं त्यानं वाचलंय, म्हणून बदलायला पाहिजे. पण तुम्ही हे जे सांगितलं, ते लिहायचं की नाही, ते तुम्ही सांगा. नको म्हणाल तर नुसता शब्द काढेन. लिहा म्हणाल तर लिहीन. तुमच्याशी विचारल्याशिवाय एक अक्षर नाही."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणीही खात्री नव्हती. वहिनींना पुन्हा अडकवतील, असं वाटत होतं. नवरा, कॉलेज, कागद, सगळ्यांनी मिळून.

"लिहा," वहिनी म्हणाल्या. "आता लपवून काय मिळणार आहे?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्या कागदावर 'यांच्या पत्नी' असं लिहिलं होतं ना? तसं नको. माझं नाव लिहा."

मॅडमनी पर्समधून पेन काढलं. कागद शोधला, सापडेना, म्हणून वातींजवळ पडलेल्या कापराच्या पुडीचं वेष्टण उलटं करून मांडीवर घेतलं.

"कोणतं लिहू?" त्यांनी विचारलं. "लग्नात ठेवलेलं, की आधीचं?"

वहिनींच्या बोटांना कापसाचे तंतू चिकटले होते. ते त्यांनी एक एक करून सोडवले. मग सरळ बसल्या.

"कुमुद," त्या म्हणाल्या. "कुमुद लिहा."